एक टाका गरजेचा, एक हौसेचा

पितृपंधरवडा लागला की माणदेशात पाण्याकाठी जागा मिळत नाही. बंधाऱ्याच्या अंगाला, ओढ्याच्या डोहाशी, जिथे म्हणून गुडघाभर पाणी असेल तिथे बैलगाड्या, टेम्पो, मोटारसायकली उभ्या असतात आणि घरातली झाडून सगळी अंथरुणं-पांघरुणं पाण्यात पडलेली असतात. घट बसायच्या आत घर धुऊन निघालं पाहिजे. त्यात भांडी येतात, भिंती येतात, पण खरी कसोटी गोधड्यांची. भिजलेली गोधडी एकट्या बाईला उचलत नाही. सोड्याच्या पाण्यात ती आधी पायांनी तुडवायची, दगडावर घेऊन धोपाटण्याने बडवायची, मग दोघींनी दोन टोकं धरून उलट्या दिशांना पिळायची. पिळताना मनगटं भरून येतात आणि हसूही येतं, कारण समोरचीचा पाय घसरला की दोघी पाण्यात.

दुपारपर्यंत काठावरचे खडक, बाभळी, बंधाऱ्याची भिंत, सगळं गोधड्यांनी झाकून जातं. आणि मग आणखी एक गोष्ट घडते, ती ठरवून कुणीच करत नाही. गोधड्या वाळेपर्यंत हात मोकळे असतात, तेव्हा बायका एकमेकींच्या गोधड्या बघत फिरतात. वाकून टाका बघतात. काठ ओळखतात. "हे लुगडं तुझ्या थोरल्या जावंचं न्हवं?" असं विचारतात. एखादीचा टाका लांब पडला असेल तर तोंडावर काही बोलत नाहीत, चार पावलं पुढे जाऊन बोलतात. परीक्षक नाही, बक्षीस नाही, उद्‌घाटनाला पाहुणा नाही, पण वर्षातून एकदा भरणारं हे प्रदर्शन आहे. नुसत्या थंडीसाठी शिवलेल्या वस्तूचं कुणी असं प्रदर्शन मांडत नाही.

तिथे एका आजींना मी विचारलं, की ही तुमची हौस म्हणायची का? त्या म्हणाल्या, "हौस कसली बाई, हिवात पोरं कुडकुडत्यात." उत्तर बरोबर होतं. पण त्यांच्याच गोधडीच्या चारही कोपऱ्यांवर हिरव्या-लाल खणाचे त्रिकोण बसवलेले होते. त्यांच्या कडा आत दुमडून, कुठे दोरा दिसणार नाही अशा बेताने. कोपऱ्यातल्या त्रिकोणाने कुणाची थंडी जात नाही. त्यावर बोट ठेवलं तेव्हा आजी जराशा लाजल्या आणि म्हणाल्या, "ते आपलं आसंच."

या लेखाचा विषय ते 'आपलं असंच' आहे. आपल्याकडच्या बायकांना छंद नव्हते असं आपण सहज म्हणतो. माझं म्हणणं उलट आहे. छंद होता, पण त्याला छंद म्हणायची सोय नव्हती. म्हणून तो काटकसरीच्या, संसाराच्या आणि देवाधर्माच्या पदराआड बसून केला गेला.

सारवलेल्या जमिनीवर

गोधडी म्हणा, कोल्हापूर-साताऱ्याकडे वाकळ म्हणा, घडण थोड्याफार फरकाने तीच. काम सुरू होतं ते बोचक्यापासून. वर्षभर फाटलेलं-विटलेलं कापड एका जुन्या धडप्यात बांधून माळ्यावर टाकलेलं असतं. सुगी सरून शेतातलं काम ओसरलं, उन्हं तापू लागली की बोचकं खाली येतं. चैत्र-वैशाखातल्या दुपारी हा खरा हंगाम, कारण बाहेर जाता येत नाही आणि आत दुसरं काही करता येत नाही.

मी माणदेशातल्याच एका मावशींजवळ बसून हे काम बघितलं. आधी जमीन सारवून, वाळवून घेतलेली. तिच्यावर एक नऊवारी लुगडं घड्या घालून अंथरलं. नऊवारी म्हणजे आठ मीटरच्या आसपास कापड, त्यामुळे एकाच लुगड्यात वरखालचे पदर सुटतात. चारी कोपऱ्यांवर दगड ठेवले. मग त्यावर एकेक थर. मधला माल सगळ्यात जीर्ण: धोतराचे तुकडे, पटक्याचं लांबट कापड, परकर, उसवलेल्या सदऱ्यांच्या पाठी. सदऱ्याची पाठ चांगली राहते, कॉलर आणि काखा आधी जातात. बटणं काढून डबीत, नाडी काढून बाजूला. शिवणी उसवून सपाट केल्याखेरीज कुठलाही तुकडा आत जात नाही, कारण एक जाड शिवण राहिली तरी रात्री पाठीला टोचते. प्रत्येक थरावरून मावशी तळहात फिरवत होत्या, सुरकुती कोपऱ्याकडे ढकलत होत्या. वर पाण्याचा हलका शिपका मारला, कापड बसलं. मग लांब लांब कच्चे टाके घालून सगळे थर एकमेकांना बांधून टाकले.

त्यानंतर खरा धावदोरा. मोठ्या नेढ्याची सुई, दुहेरी दोरा. एका कडेपासून सुरुवात, चारी बाजूंनी फिरत फिरत आत, चौकोनात चौकोन, शेवट मध्यावर. टाका तांदळाच्या दाण्याएवढा. डावा हात गोधडीच्या खाली असतो आणि सुई खालून आली की बोटाला कळतं, डोळ्यांना नाही. मावशींच्या डाव्या तर्जनीच्या टोकाची कातडी जाड झाली होती. अंगुस्तान त्यांच्याकडे होतं, पण डबीतच. "त्यानं काय कळत न्हाई," असं त्यांचं म्हणणं.

ऊब कुठून येते, तर या थरांमध्ये अडकलेल्या हवेतून. टाके ती हवा जागच्या जागी धरून ठेवतात. टाका फार दाट घातला तर गोधडी फळीसारखी कडक होते, फार विरळ घातला तर धुताना आतले तुकडे गोळा होऊन एका कोपऱ्यात जमतात. हे प्रमाण कुठे लिहिलेलं नाही, पण पहिल्या धुण्यात चूक कळते. सुती कापड धुऊन धुऊन मऊ होत जातं, घाम टिपतं, म्हणून तीच गोधडी हिवाळ्यात पांघरायला आणि उन्हाळ्यात खाली अंथरायला चालते. आणि ती विरली तरी तिची सुट्टी होत नाही. जुनी गोधडी नव्या गोधडीच्या पोटात जाते. वर सुनेचं पातळ, त्याखाली सासूचं, आणि सगळ्यात आत, कुणाला न दिसणारं, आजेसासूचं. घराची वंशावळ कुणी लिहून ठेवली नसेल, पण ती अशी थराथराने शिवलेली असते.

मावशींनी पहिल्या दिवशी तीन ओळी घातल्या आणि उठल्या. रोज दुपारी दोन-अडीच तास मिळाले तर एक मोठी गोधडी महिनाभर चालते. हा वेळ त्यांना कुणी दिलेला नव्हता. जेवणं उरकल्यानंतर आणि चहाची वेळ होण्याआधी जी फट राहते, ती त्यांनी सुईने अडवून ठेवली होती. नुसत्या बसलेल्या बाईला कुणीही हाक मारतं. गोधडी मांडीवर असलेल्या बाईला उठवताना घरातला माणूस थोडा विचार करतो.

कापड कुणाचं

कुठलं कापड कुठे जाणार याचे अलिखित नियम असतात आणि त्यात घरातलं सगळं राजकारण असतं. वरच्या पदराला कुणाचं लुगडं लागणार यावरून सासू-सुनांत अबोला झालेला मी ऐकला आहे. सासऱ्यांचं धोतर मात्र सर्वांना हवं असतं, कारण ते मऊ आणि पांढरं, बाळाच्या दुपट्याला त्याच्यासारखं कापड नाही.

जन्मलेल्या बाळाला नवं कोरं कापड लगेच घालायचं नाही ही रीत अजून पुष्कळ घरांत पाळतात. पाचवी-सहावीला सटवाईची पूजा होते. तोवर आणि नंतरही काही दिवस जुन्यातूनच झबली, जुन्यातूनच दुपटी. रीतीला कुणी दृष्टीचं कारण देतं, कुणी शकुनाचं. कापडाच्या बाजूने बघितलं तर कोऱ्या कापडाची खळ बाळाच्या कातडीला सोसत नाही, शेकडो वेळा धुतलेलं सूत सोसतं. लेकीच्या पहिल्या बाळंतपणात माहेरून जाणाऱ्या बाळंतविड्यात झबली, टोपडी, कुंची यांच्याबरोबर दुपट्यांची चळत असते. त्या चळतीवरून विहिणीकडच्या बायका या घरातल्या हातांची परीक्षा करतात हेही सगळ्यांना माहीत असतं. म्हणून दुपट्याच्या मध्यावर एखादं फूल, कडेला एखादी रंगीत पट्टी. बाळाला त्यातलं काही कळत नाही. विहिणीला कळतं.

आणि माणूस गेल्यानंतरचं कापड? पुष्कळ घरांत गेलेल्याचे कपडे दान करतात किंवा सोडून देतात. पण आजीचं लुगडं सहसा कुणी देऊन टाकत नाही, ते बोचक्यात जातं. तेरावं उरकलं, महिना-दोन महिने गेले की कुणीतरी ते बाहेर काढतं. त्या गोधडीबद्दल घरात फारसं बोललं जात नाही, पण ती पाहुण्यांना पांघरायला देत नाहीत.

हे सगळं सांगताना गोधडीला उगीच देव्हाऱ्यात बसवायचं नाही. गोधडीत ढेकूण होत. एका गोधडीखाली तीन भावंडं ओढाओढ करत झोपत आणि कडेचं उघडं पडे. कोकणातून आणि घाटावरून मुंबईला गिरणीत आलेला माणूस वळकटीत हीच गोधडी बांधून आणायचा आणि पाळीपाळीने झोपायच्या खोलीत ती अंथरायचा. पाहुणे आले की गोधड्या आत आणि सोलापुरी चादरी बाहेर, असाच नियम होता. चिंध्यांची वस्तू म्हणून तिची लाज वाटायची. ज्यांच्या घरात गोधडीखेरीज दुसरं पांघरूण नव्हतं त्यांना तिचं कौतुक सुचलं नाही, हे आज तिचं कौतुक करणाऱ्यांनी लक्षात ठेवावं.

सोवळ्याबाहेरचं वस्त्र

देवाधर्माशी गोधडीचं नातं सरळ नाही. कर्मठ घरातल्या सोवळ्याच्या नियमांत तिला स्थान नव्हतंच. रेशीम चालतं, लोकरीची धाबळी चालते, धुऊन कुणाचा स्पर्श न होता वाळलेलं सुती वस्त्र चालतं. गोधडी तर शिवलेली, वापरलेल्या कापडांची, दहा जणांच्या अंगाला लागलेली. देवघराच्या उंबऱ्याच्या आत तिने यायचं नाही.

भक्तीच्या परंपरेने मात्र नेमकी हीच वस्तू उचलली. वारकरी कीर्तनात जनाबाईच्या वाकळीची कथा अजून रंगते. जनी नामदेवांच्या घरची दासी. नामदेव शिंपी. शिंप्याच्या घरात कातरणांना काय तोटा, तेव्हा जनीच्या वाकळीचा माल कुठून आला असेल हे ओळखायला अवघड नाही. कथेप्रमाणे पांडुरंग रात्री जनीकडे येतो, तिच्याबरोबर दळतो, आणि पहाटे काकड्याची वेळ झाली म्हणून घाईघाईने निघताना आपलं पदक तिथेच विसरतो आणि जनीची वाकळ पांघरून राउळात जातो. सकाळी पुजारी दार उघडतात तर देवाच्या अंगावर वाकळ आणि गळ्यातलं पदक नाही. चोरीचा आळ जनीवर येतो, तिला सुळावर द्यायचं ठरतं, आणि सुळाचं पाणी होतं. महिपतींनी १७६२ मध्ये 'भक्तविजय' रचला, तोवर संतांच्या अशा कथा पिढ्यान्‌पिढ्या कानांवरून गेलेल्या होत्या.

कथेतला चमत्कार बाजूला ठेवला तरी तिचा डंख राहतोच. पुजाऱ्यांना धक्का बसला तो पदक गेल्याचा, तसाच देवाच्या अंगावर वाकळ आल्याचा. देव्हाऱ्याबाहेर ठेवलेलं वस्त्र देवाने स्वतः होऊन पांघरलं, असं सांगणारी ही कथा ऐकताना समोर बसलेल्या बायकांच्या घरी तशीच वाकळ असायची. त्यांच्या कामावर याहून मोठी मोहोर ती कुठली? नामदेवांच्या पदांतही गज, कात्री, सुई, दोरा ही धंद्याची अवजारं भक्तीची साधनं होऊन येतात. त्यांची ६१ पदं गुरू ग्रंथसाहिबात आहेत. म्हणजे शिंप्याची ही सुई पंढरपुराहून पंजाबपर्यंत गेली.

फाटक्या कापडाला मान देण्याची परंपरा त्याहून कितीतरी जुनी आहे. बौद्ध भिक्खूंचं चीवर तुकडे जोडून शिवायचं असतं. विनयपिटकातली हकिगत अशी, की मगधातली बांधबंदिस्तीची भातशेतं दाखवून बुद्धांनी आनंदाला तशी रचना साधेल का असं विचारलं आणि आनंदाने चीवर त्या शेतांसारखं बेतलं. वर्षावास संपल्यावर कठिन चीवरदानाचा सोहळा होतो. १९५६ च्या धम्मदीक्षेनंतर महाराष्ट्रातल्या गावोगावच्या विहारांत तो रुजला आहे, आणि त्याचे दिवस साधारण दिवाळीच्या आगेमागेच येतात. नाथपंथी जोग्यांची कंथा, सूफी फकिराची ठिगळांची खिरका, ही सगळी त्याच कुळातली वस्त्रं. अहिल्यानगर जिल्ह्यातल्या कर्जतचं ग्रामदैवत गोदड महाराज. तिथे आषाढ वद्य एकादशीला रथ निघतो. आणि अगदी अलीकडचं उदाहरण गाडगेबाबांचं (१८७६-१९५६). अंगावरच्या ठिगळांमुळे लोक त्यांना गोधडेबुवा, चिंधेबुवा म्हणत. त्या वेषात त्यांनी धर्मशाळा उभ्या केल्या, रस्ते झाडले, आणि देवळातल्या देवाबद्दल थेट प्रश्न विचारले.

या सगळ्या पुरुषांनी चिंध्या पांघरल्या त्या वैराग्याची खूण म्हणून. घरातल्या बाईने चिंध्या जोडल्या त्या संसार झाकायला. एकाच वस्त्राचे हे दोन टोकांचे अर्थ आहेत. बाईला वैराग्य परवडत नव्हतं. पण तिने देवाच्या कामाची सवलत बरोबर वापरली. चातुर्मासात बायका लाखाच्या वाती वळायचा नेम धरत, आणि नेमाला बसलेल्या बाईला कुणी हटकत नसे. गोधडी हा नेम नव्हे, पण दुपार तीच, ओसरी तीच, आणि तोंडी ओव्याही त्याच. नवरात्राआधीचं धुणं तर देवीच्या नावानेच होतं. तेव्हा पाण्याकाठचं ते प्रदर्शनही देवीच्याच आश्रयाने भरतं.

देवालाही थंडी वाजते हे तर पंढरपुरात अधिकृतच आहे. कार्तिकीची गर्दी ओसरली, प्रक्षाळपूजा झाली की विठ्ठल-रखुमाईला थंडीची वस्त्रं चढतात: कानपट्टी, शाल, रजई. घराघरांतल्या बाळकृष्णाचंही हेच. हाताच्या वितीएवढी गादी, तेवढीच गोधडी. मला माहीत असलेल्या एका काकूंनी आपल्या बाळकृष्णाला ऋतूप्रमाणे वेगवेगळ्या गोधड्या शिवल्या आहेत आणि त्यांच्या नातवंडांना कपाटात त्याहून कमी जागा आहे. काकूंना कुणी 'पुरे आता' म्हणत नाही. देवाचं काम आहे ना!

सिद्दींची फुलं

'हौस की गरज' या प्रश्नाचं सगळ्यात ठाम उत्तर मला महाराष्ट्राच्या हद्दीबाहेर, उत्तर कन्नड जिल्ह्यात सापडलं. सिद्दी म्हटलं की आपल्याला जंजिरा आठवतो. यल्लापूर, हल्याळ, मुंडगोडच्या जंगलपट्ट्यात राहणाऱ्या सिद्दींची गोष्ट वेगळी आहे. त्यांच्यातल्या पुष्कळांचे पूर्वज आफ्रिकेतून गुलाम म्हणून पोर्तुगीजांच्या गोव्यात आणले गेले आणि तिथून निसटून घाटातल्या रानात शिरले. घरात कोंकणी बोलतात. धर्माने कुणी हिंदू, कुणी मुसलमान, कुणी ख्रिस्ती. या तिन्ही घरांतल्या बायका सारख्याच पद्धतीने गोधडी शिवतात, तिला कवंद म्हणतात.

कवंदही कोपऱ्यापासून सुरू होते आणि कडेकडेने फिरत मध्यावर संपते. फरक तुकड्यांत आहे. आपल्याकडे रंगीत तुकडे वरच्या लुगड्यावर मोजकेच बसतात. कवंदीचा अख्खा पृष्ठभाग लहान-मोठ्या तुकड्यांनी भरलेला, रंगाला रंग भिडलेला. ख्रिस्ती घरातल्या कवंदीवर क्रूस दिसतो, मुसलमान घरातल्या कवंदीवर चंद्रकोर. आणि शेवटी चारी कोपऱ्यांवर तिकोनी तुकड्यांचे थर चढवतात. त्यांना त्या फुलं म्हणतात. फुलं लावली नाहीत तर कवंद पुरी झाली असं धरत नाहीत, ती उघडीनागडी राहिली असं मानतात.

अमेरिकेतल्या विस्कॉन्सिन विद्यापीठातले कलेतिहासकार हेन्री ड्रूअल यांनी या कवंदींचा अभ्यास केला. त्यांच्या पुढाकाराने २००४ मध्ये सिद्दी बायकांची सहकारी संस्था उभी राहिली आणि २०११ मध्ये न्यूयॉर्कच्या शॉम्बर्ग केंद्रात या कवंदींचं प्रदर्शन भरलं. पोटासाठी रानात राबणाऱ्या, घरात फारसं काही नसलेल्या बायका कोपऱ्यातल्या फुलांवर अडून बसतात, याचा अर्थ लावायला तज्ज्ञ लागत नाही. माणदेशातल्या आजी जे लाजत 'आपलं असंच' म्हणाल्या, ते सिद्दी बायकांनी नियम करून टाकलं आहे.

बोहारीण आणि पॉलिएस्टर

जुन्या साडीला पूर्वी दोन वाटा होत्या. एक बोचक्याची, दुसरी बोहारणीची. दुपारी दारात बसून, साडीचा पोत चोळून, काठ उलगडून, "ताई, इथं विरलंय बघा" म्हणत बोहारीण पातेल्यावरून वाटीवर यायची आणि घरची बाई वाटीवरून पातेल्यावर जायची. गोधडीचा माल किती उरणार हे त्या घासाघिशीत ठरायचं.

मग कापडच बदललं. नायलॉन आलं, टेरिलीन आलं, धुवायला सोपं, इस्त्रीची कटकट नाही, वर्षानुवर्षं विटत नाही. बायकांच्या रोजच्या कष्टांत त्याने खरोखर घट केली आणि त्यांनी ते हसत स्वीकारलं. पण जे विरत नाही त्याची गोधडी होत नाही. पॉलिएस्टरचे थर एकमेकांवरून सरकतात, टाका धरत नाही, घाम टिपत नाही, आणि चुलीची ठिणगी पडली तर सूत जळतं तसं न जळता वितळून अंगाला चिकटतं. नऊवारीची सहावारी झाली, तिच्या जागी पंजाबी ड्रेस आणि गाऊन आले, तसा एका कपड्यातून निघणारा सलग तुकडाही लहान होत गेला. शेवटी पानिपतच्या कारखान्यांतली जाड मिंक ब्लँकेटं आठवडी बाजारापर्यंत पोचली. मळली की वॉशिंग मशीनमध्ये, फाटली की उकिरड्यावर.

गरज संपली. आता या वस्तूचं काय व्हायला हवं होतं? गरजेची वस्तू गरज संपल्यावर मरते. पाटा-वरवंटा कोपऱ्यात गेला, जातं अंगणात पडलं. गोधडी मात्र मेली नाही. माणदेशातल्या मावशींच्या घरात चार मिंक ब्लँकेटं घडी करून ठेवलेली होती आणि त्या गोधडीच शिवत होत्या. वरच्या पदरासाठी सुती लुगडं त्यांनी शेजारणीकडून मागून आणलं होतं, बदल्यात शेरभर मटकी देऊन.

शनिवारचा क्लास

पुण्यात कोथरूडच्या बाजूला एका सदनिकेच्या हॉलमध्ये शनिवारी दुपारी क्विल्टिंगचा क्लास चालतो. हिरव्या मापाच्या चटया, गोल पात्याचा कटर, पारदर्शक पट्ट्या, मध्ये घालायला कापसाची तयार गादी. नवं कोरं सुती कापड मीटरवर विकत आणायचं, त्याचे काटेकोर चौकोन-त्रिकोण कापायचे आणि ते पुन्हा जोडायचे. हे बघून एका सभासदाच्या गावाकडच्या आजी म्हणाल्या होत्या, "धडकं कापड फाडून ठिगळं लावताय व्हय?" हा किस्सा तिथे प्रत्येक नव्या बाईला सांगतात.

हसायला ठीक आहे, पण अर्धा तास बसलं की जुनी ओळख पटू लागते. एक निवृत्त बाई वडिलांच्या सदऱ्यांची गोधडी करत होत्या. निळी रेघ, बारीक चौकडा, खाकी. वडील एसटीत होते, खाकी त्यांची. खिसे त्यांनी उसवले नव्हते, तसेच ठेवले होते, नातवाला हात घालायला. दुसरीने मुलीच्या शाळेच्या गणवेशांपासून सुरुवात केली होती. मुलगी आता जर्मनीत, तिथल्या थंडीला ही गोधडी पुरणार नाही हे दोघींनाही माहीत होतं. तिसरी बाळकृष्णाची. चौथी सुनेच्या डोहाळजेवणाला द्यायची, आणि त्यात सुनेच्या आईची साडी मुद्दाम मागून घेतलेली. कुटुंब तेच, देव तोच, फक्त ओसरीच्या जागी सोफा.

आणि आणखी एक गोष्ट तीच. मी विचारलं, हे घरी का करत नाही, क्लास कशाला? एकीने सरळ सांगितलं. "घरी शिवायला बसले की 'आत्ता?' असं विचारतात. क्लासला जाते म्हटलं की कुणी काही म्हणत नाही. फी भरलीये ना!" दुसरीने गोधड्या विकायला सुरुवात केली आहे. हिशेब केला तर तासाला जे पडतं ते सांगायची तिला लाज वाटते, पण 'माझा छोटासा व्यवसाय आहे' म्हटल्यापासून घरात तिचं टेबल कुणी आवरून टाकत नाही. तिसरीला डॉक्टरांनी मन रमवायला सांगितलं आहे, आणि ते वाक्य तिने घरात तीनदा वापरलं आहे.

म्हणजे सबबी बदलल्या. आजीने काटकसरीची सांगितली, पणजीने देवाची, नात फीची सांगते, व्यवसायाची सांगते, तब्येतीची सांगते. नवऱ्याला रविवारी क्रिकेट बघताना, सासऱ्यांना पत्ते कुटताना कुठली सबब सांगावी लागत नाही. बाईच्या मोकळ्या दुपारीला मात्र अजूनही दाखला लागतो.

'गोधडी वाचवा' अशी मोहीम अधूनमधून निघते. प्रदर्शनं भरतात, तिला वारसा म्हणतात, कुणी तिच्यावर मोठी किंमत चिकटवतं. ते होऊ दे, चार बायकांच्या हाती पैसा येत असेल तर चांगलंच. सुती साड्या बोहारणीला देण्याआधी दोन बाजूला काढून ठेवाव्यात, हेही सांगण्यासारखं आहे. पण गोधडी आजवर टिकली ती वारसा म्हणून नाही, आणि गरज म्हणूनही नाही, कारण गरज संपून तीस-चाळीस वर्षं होत आली. कोपऱ्यातले त्रिकोण बसवण्यात, रंगाला रंग लावून बघण्यात, शेजारणीपेक्षा टाका बारीक घालण्यात मजा येत होती म्हणून ती टिकली.

तेव्हा मागणं एवढंच आहे, आणि ते घरातल्या माणसांकडे आहे. सुई हातात घेऊन बसलेल्या बाईला 'कुणासाठी शिवतेस', 'किती दिवस चालणार', 'विकलीस तर किती येतील' असं विचारू नका. तिला बसू द्या. चहा आपल्या हाताने करून घ्या. आणि तिला विचारायचंच असेल तर त्रिकोणाला हिरवा का घेतला, पिवळा का नाही, हे विचारा. त्याचं उत्तर तिच्याकडे तयार असतं, आणि ते ऐकायला आजवर फारसं कुणी थांबलेलं नाही.